कडेनं जा, पण किती कडेनं?

(दृश्य: पुणे, पौड रस्ता. पहाटेचे साडेपाच. पिवळ्या दिव्यांखालून एकच सायकल येते आहे. साखळीची करकर.)

घरातून सायकल बाहेर काढली की मागून एक वाक्य येतंच. आई म्हणते, आजी म्हणते, फाटकाशी उभे असलेले शेजारचे काकासुद्धा म्हणतात, "कडेनं जा रे!"

त्या वाक्यात माया आहे. पण कड म्हणजे नेमकी कुठे, हे कुणी सांगत नाही.

रात्रपाळी उरकून घरी निघालेला हा वॉचमन. कॅरियरला डबा, कानाला मफलर. पुण्यात आज सायकल कोण चालवतं असं विचारलं, तर रविवारी सिंहगडाकडे निघालेले हेल्मेटवाले डोळ्यांपुढे येतात. रोज पोटासाठी पायडल मारणारे मात्र हे आहेत. वॉचमन, पेपर टाकणारी पोरं, साइटवरचे मजूर. त्यांच्याकडे मोजे आणि जर्सी नसते. त्यांच्याकडे कड असते.

(दृश्य: कॅमेरा चाकाच्या उंचीवर. रस्त्याची डावी कड.)

ही कड एकदा नीट बघून घ्या. डांबराचे थर चढत चढत रस्ता वर गेला आणि कडेला बोटभर पायरी तयार झाली. चाक त्या पायरीखाली उतरलं की तिरकं वर चढत नाही. चढवायला गेलं की घसरतं, आणि सायकलस्वार पडतो तो रस्त्याच्या बाजूला, मागून येणाऱ्या गाडीपुढे. तिथेच चेंबरची जाळी. तिच्या फटी रस्त्याच्या दिशेनं असतील तर चाक अलगद आत. पुढे खडी, उखडलेला पेव्हर ब्लॉक, आणि पावसाळ्यात हे सगळं झाकणारं गढूळ पाणी.

म्हणून अगदी कडेनं जाणारा सरळ जाऊच शकत नाही. जाळी चुकवायला तो उजवीकडे येतो, मग परत कडेला, मग पुन्हा उजवीकडे. मागच्या गाडीवाल्याला हा आता कुठे वळेल याचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा कडेपासून हातभर, जमलं तर मीटरभर आत राहून एका रेषेत चालवलेली सायकल बरी. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हॉर्न वाजवतो आहे म्हणजे त्याला तुम्ही दिसला आहात.

(दृश्य: रस्त्याकडेला उभ्या मोटारींची रांग. एक दार उघडतं.)

दुसरी गोष्ट दारांची. उभ्या मोटारीचं दार उघडलं की जवळजवळ मीटरभर जागा खातं. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर एका सेकंदात आपण चार मीटर पुढे जातो. दार दिसेपर्यंत आपण दारात असतो. म्हणून उभ्या गाड्यांना खेटून जायचं नाही. मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का, पुढची चाकं वळलेली आहेत का, लाल दिवा नुकताच विझलाय का, हे बघत जायचं.

मोटारवाल्यांसाठी एक सोपी सवय आहे. ती नेदरलँड्समध्ये रुजलेली आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. दार लांबच्या हातानं उघडायचं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा त्यानं डाव्या हातानं. हात आडवा गेला की खांदा वळतो, मान वळते आणि मागून येणारा दिसतो.

रिक्षाचं दार नसतं, पण हात दाखवणारं गिऱ्हाईक फुटपाथवर दिसलं की रिक्षा डावीकडे येणार हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

(दृश्य: चौक. सिग्नलला उभी बस. तिच्या डाव्या बाजूच्या फटीत एक सायकल शिरते.)

इथे थांबा. ही फट फार जीवघेणी आहे.

बस किंवा ट्रक डावीकडे वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गानं जात नाहीत. ती आतून, कोपऱ्याला घासून जातात. वळण सुरू होताना जी फट सायकल मावेल एवढी असते, ती दोन-तीन सेकंदांत उरतच नाही. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला. त्याच्या डाव्या दाराखाली उभी असलेली सायकल त्याला दिसत नाही. डोळे चांगले असले तरी दिसत नाही. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही एवढं पक्कं धरायचं आणि बसच्या मागेच उभं राहायचं. एक सिग्नल गेला तर गेला.

(दृश्य: एका जुन्या सायकलचा डायनॅमो, टायरला टेकलेला.)

एके काळी पुणं सायकलींचं शहर होतं. सायकलला बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला, किंवा कुणी डबलसीट दिसलं, की पोलीस अडवायचा, क्वचित चाकातली हवाही सोडायचा. ज्यांची हवा गेली ते आजोबा आजही तो किस्सा रंगवून सांगतात. तेव्हा रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या, तरी दिव्याची सक्ती होती. आता शेजारून ताशी ६० च्या वेगानं मोटारी जातात आणि दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. हे उलटं आहे.

६० चा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर मोटार २५ मीटर पुढे आलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. गडद शर्ट डिपरच्या उजेडात फार लांबून दिसत नाही. मागचा लाल दिवा दिसतो. पायडलवरच्या रिफ्लेक्टरचं तर विशेषच. ते खालीवर हलतात, आणि असं खालीवर हलणारं म्हणजे माणूस, हे लांबूनही ओळखू येतं.

महापालिकेनं २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. ट्रॅक काही रस्त्यांवर आहेत. त्यांवर काय काय उभं असतं ते तुम्ही रोज बघता, त्यामुळे कॅमेरा तिकडे वळवत नाही.

हेल्मेटचं थोडक्यात. सायकलला त्याची सक्ती नाही, तरी घाला, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. संक्रांतीच्या दिवसांत गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो पुलांवर आडवा येतो. पावसात रिम ओली असते, ब्रेक उशिरा धरतो. थांबायच्या आधीच दोनदा हलका दाबून पाणी पुसून घ्या.

(दृश्य: सांगली जिल्हा. डिसेंबर, संध्याकाळ. दोन्ही बाजूंना ऊस. शाळेच्या गणवेशातली मुलगी सायकलवर.)

शहर सोडलं की कड वेगळी. इथे फुटपाथ नाही, चेंबर नाही. साइडपट्टी आहे, आणि गळीत हंगाम आहे. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे एक नाही, दोन ट्रॉल्या असतात. उसाचे शेंडे बाजूला हातभर बाहेर आलेले. ड्रायव्हरच्या टेपवर गाणी एवढी मोठी, की घंटी वाजवून उपयोग नाही. आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो.

इथला धोका पहिल्या ट्रॉलीचा नाही. ट्रॅक्टर पुढे गेला, पहिली ट्रॉली गेली, आणि पोरांना वाटतं झालं. ती लगेच रस्त्यावर येतात. तेवढ्यात दुसरी येते. ती जोडावर झुलत, डावी-उजवी करत येत असते.

(दृश्य: मागून ट्रॅक्टरचा आवाज. मुलगी वळून बघते. साइडपट्टीवर उतरून सायकल धरून उभी राहते. ट्रॅक्टर. पहिली ट्रॉली. ती हलत नाही. दुसरी ट्रॉली. धूळ. पाचटाचा एक तुकडा तिच्या दप्तरावर पडतो. तो झटकते, मागे बघते, पायडलवर पाय ठेवते.)