घरभाड्याचं अनुदान मुरतं कुठं?

(सोलापुरातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, बाहेर संध्याकाळी सहालासुद्धा झळा लागतायत आणि तुम्ही घरभाड्यावर व्याख्यान ऐकायला आलात, याबद्दल आधी तुमचं कौतुक. काहींच्या घरी आज नळाला पाणी यायचा दिवस असेल. ते मधेच उठून गेले तर मी मनाला लावून घेणार नाही. उजनीसारखं मोठं धरण असून चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यापुढं अर्थशास्त्राची काय मातब्बरी!

पत्रिकेत विषय छापलाय, 'सरकारी घरभाडे अनुदान : लाभ कुणाचा?' संयोजक मला म्हणाले, "सर, जरा सोपं बोला." विषय सोपाच आहे. भाडेकरूला राहायला परवडावं म्हणून सरकार पैसे देतं. तो पैसा भाडेकरूच्या खात्यावर येतो, पण तिथं मुक्काम करतो का नुसता चहा पिऊन पुढं जातो, एवढाच प्रश्न आहे.

अनुदान म्हटलं की आपल्याला वाटतं ते गरिबांना मिळतं. इथं समोर बसलेल्यांत निम्मे निवृत्त शिक्षक आणि कारकून मंडळी दिसतायत. तुम्ही जन्मभर घरभाडे भत्ता घेतलात. ते काय होतं? सातव्या वेतन आयोगात शहरांच्या एक्स, वाय, झेड अशा तीन श्रेणी आहेत आणि केंद्राच्या यादीत आपलं सोलापूर वाय श्रेणीत आहे. सुरुवातीला २४, १६ आणि ८ टक्के. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढं गेला की २७, १८, ९. पन्नासला पोचला की ३०, २०, १०. म्हणजे वाय श्रेणीवाल्याला मूळ पगाराच्या १६ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत. हे सगळं कोष्टक सरकारी नोकराला तोंडपाठ असतं. आमच्या घरमालकांना ते आमच्याही आधी पाठ असायचं.

आता त्यांचं सांगतोच. तेव्हा आम्ही जुळे सोलापूर भागात भाड्यानं राहायचो. मालक खाली, आम्ही वर, आणि मागच्या अंगाला दोन खोल्यांत एका यंत्रमाग कारखान्यातले दिवाणजी. मालक सज्जन माणूस. सकाळी झोपाळ्यावर बसून पेपर वाचायचे, पण वाचायची पद्धत वेगळी. पहिलं पान बाजूला, खेळाचं पान बाजूला. 'शासकीय कर्मचाऱ्यांना' या शब्दांनी सुरू होणारी बातमी दिसली की खिशातलं निळं पेन निघायचं आणि तिच्याभोवती चौकट व्हायची. सहाव्या वेतन आयोगाची गडबड सुरू होती. मी कॉलेजला निघालो, तर जिन्याखाली उभे.

"सर, अभिनंदन!"

"कशाचं हो?"

"घरभाडं वाढलं की तुमचं."

म्हटलं, "मालक, अजून पगारात आलेलं नाही."

"येईल की. सरकार काय पळून जातंय का? थकबाकीसकट येईल."

आणि माणूस खरोखर थकबाकीचा हिशेब घेऊन बसला होता! वहीचं पान फाडून त्यावर मागच्या महिन्यांचा फरक मांडलेला. थकबाकी मूळ पगाराची असते, भत्त्याची नसते, हे मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. अर्थशास्त्राचा तास मी वर्गातसुद्धा इतका जीव तोडून घेतला नसेल. शेवटी थकबाकी त्यांनी सोडली, पण नवं भाडं त्याच महिन्यापासून लागू केलं. माझा वाढीव भत्ता हातात पडला तो पुढं बऱ्याच महिन्यांनी. तोवर तो फरक माझ्या खिशातून.

बायको म्हणाली, "तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग घासाघीस करा की." तिला कसं सांगू, घासाघीस करायला दुसरं घर बघून ठेवलेलं लागतं. मुलांची शाळा तिथं, कॉलेजची वाट तिथं, नळाला त्यातल्या त्यात बरा दाब तिथं. मी हलणार नाही हे मालकांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं.

पण ही गोष्ट माझ्यासाठी सांगत नाहीये, मागच्या दिवाणजींसाठी सांगतोय. त्या माणसाला कसला आलाय वेतन आयोग? कारखान्यात चादरी आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांचा हिशेब ठेवायचा, दिवाळीला बोनस मिळाला तर मिळाला. दुसऱ्या महिन्यात मालकांनी त्यांचंही भाडं वाढवलं. कारण काय दिलं? "वरच्या सरांनी दिलं की!" दिवाणजी माझ्याकडं आले, रागावून नाही, नुसतं विचारायला, "सर, तुम्ही हो का म्हणालात?" काय उत्तर देणार? सहा महिन्यांत ते गावाबाहेर, विडी घरकुल वसाहतीच्या पलीकडं राहायला गेले. अनुदान मला मिळालं, नफा मालकांचा झाला आणि बिल फाटलं दिवाणजींच्या नावानं.

मालक खलनायक नव्हते, हे नीट लिहून घ्या. गच्ची गळायची ती त्यांनीच दुरुस्त केली, बोअर मारलं, महापालिकेचा कर भरला. इथं सभागृहात घरमालक किती आहेत? हात वर करा बघू. एकही नाही? सोलापुरातली सगळी घरं मग रिकामीच असणार! (हशा)

पेठांतले जुने मालक तर उलट रडतात, आणि त्यांचंही खरं आहे. १९४७ च्या भाडे कायद्यानं गोठवलेली भाडी, मग १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ. पन्नास रुपयांचे ४ टक्के म्हणजे दोन रुपये. त्या दोन रुपयांसाठी कोण वाडा दुरुस्त करणार? सरकारनं एका भाडेकरूला मालकाच्या खिशातून सवलत दिली आणि दुसऱ्याला स्वतःच्या तिजोरीतून. पहिल्यात वाडे पडायला आले, दुसऱ्यात… असो. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. 'दहा मिनिटे.' म्हणजे मुद्दा अजून सुरूच व्हायचाय आणि वेळ संपत आली. कॉलेजात हेच व्हायचं.

तर भराभर सांगतो. आपल्याकडं आज घरभाड्याचं सर्वांत थेट अनुदान विद्यार्थ्यांना मिळतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, त्यातले २० हजार निवासाचे. खालच्या टप्प्यातल्या जिल्ह्याच्या गावी ४३ हजार, त्यातले निवासाचे १२ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार. अट काय? सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळालेला नसावा. इथंच खरी गोम आहे. जिथं खोल्यांची टंचाई आहे, नेमकं तिथंच अनुदान येतं. बाहेरगावची पोरं जूनमध्ये एकदम येतात, कॉट बेसिसच्या खोल्या तेवढ्याच, आणि योजनेचा आकडा शासन निर्णयात छापलेला. मालकाला पेपरात चौकट करायचीही गरज नाही, पोरंच सांगतात. डिपॉझिट जूनमध्ये भरायचं आणि हप्ता कधी येईल ते समाजकल्याण खात्यालाच ठाऊक.

फ्रान्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रयोग झाला. घरभाडे मदत अल्प उत्पन्न गटातल्या आणखी लोकांना मिळू लागली, त्यात विद्यार्थीही आले. गॅब्रिएल फाक या अर्थतज्ज्ञ बाईंनी हिशेब केला, तर मदतीच्या दर एका युरोमागं भाडं ७८ सेंटनं वाढलेलं निघालं. उरलेले २२ सेंट भाडेकरूचे.

पण लगेच 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो!' म्हणू नका. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात मदत कापली, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त फटका मालकांना बसला. तिथंच २०११ नंतर पुन्हा कपात झाली, तेव्हा जवळजवळ नव्वद टक्के भाडेकरूंना. देश तोच, मदत तीच, निकाल उलटा. अमेरिकेत सत्तरच्या दशकात ग्रीन बे आणि साउथ बेंड या दोन गावांच्या परिसरात पात्र असलेल्या सगळ्यांना भत्ता खुला केला. भाडी फारशी हललीच नाहीत. साउथ बेंडमध्ये घरं रिकामी पडलेली होती. शिवाय बऱ्याच लोकांनी घर बदललंच नाही, भत्ता घेऊन भाड्याचा बोजा हलका केला. म्हणजे पाणी उताराकडं जातं, आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते रिकाम्या खोल्या किती यावर ठरतं. किती भाड्यापर्यंत मदत द्यायची याची मर्यादा एकाच शहरात सरसकट वाढवली की भाडं वाढतं, खोली आहे तशीच राहते, हेही अमेरिकेत दिसलं. डॅलसमध्ये मर्यादा प्रत्येक भागाप्रमाणं वेगळी केली, तर कुटुंबं जरा बऱ्या वस्तीत गेली. म्हणून 'अनुदान वाईट' हे मला मान्य नाही. डोळे मिटून दिलेलं अनुदान वाईट.

सोलापूरनं दुसरा रस्ताही पाहिलाय. कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत, १० हजार घरं. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांचा तो पाठपुरावा. मग रे नगर, ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. यातून शहराच्या पूर्वभागातल्या भाड्याच्या खोल्यांवरचा ताण किती उतरला हे कुणीतरी मोजायला हवं. विद्यापीठातल्या पोरांनो, हा पीएच.डी.चा विषय फुकट देतोय. अडचण एकच, भाडं वाचलं ते रिक्षावाल्याला द्यावं लागतं. घर गावाबाहेर आणि यंत्रमाग गावात.

शेवटची दोन मिनिटं. माझ्या मागण्या तीन आहेत. वसतिगृहाच्या खाटा आधी वाढवा, अनुदान त्यानंतर. निदान दोन्ही बरोबर. हप्ता जूनच्या आत द्या, म्हणजे पोरगं रोख घेऊन चार खोल्या बघू शकेल, उधारीवर पहिलीच पकडणार नाही. आणि भाडेकरार नोंदवा. १९९९ च्या कायद्यातल्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. तरी आज पोरानं करारनामा मागितला की "दुसरी खोली बघ" असं ऐकावं लागतं, आणि कागद नाही म्हणून तिकडं अनुदानाचा अर्ज अडतो. नोंदी झाल्या तर कुठल्या गल्लीत खोली कितीला आहे हे तरी सरकारला कळेल. मग मुंबई-पुण्याला एक आणि खालच्या टप्प्यांना दुसरा असा सरसकट आकडा ठरवायची वेळ येणार नाही.

प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवली होती म्हणे. ती मालकांनी खाल्ली. प्रश्न चहाच्या टेबलाशी विचारा.