हसवायला येऊ नका

(मालवण तालुक्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेच्या शिबिरात, निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उद्या ऑडिशनला येणाऱ्यांपैकी निम्मे तरी आज रात्री आरशासमोर उभे राहून तोंडं वेडीवाकडी करणार, हे मी आत्ताच लिहून देतो. नाटक विनोदी आहे असं कळलं, की माणसाचा आवाज आपोआप चढतो, डोळे फिरायला लागतात, पाय फेंगडे पडतात. दारातून आत येतानाच तो सांगत असतो, बघा, मी किती विनोदी आहे! टेबलामागे बसलेल्या आम्हा तिघांचौघांना तिथंच दमायला होतं.

विनोदी नाटकातल्या पात्राला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. त्याचं काहीतरी अडलेलं असतं आणि ते सोडवण्यासाठी त्याची जिवाच्या आकांतानं धडपड चाललेली असते. जावई पहिल्यांदा घरी यायचा म्हणून सासूनं पहाटे बंदरावर जाऊन घासाघीस करून सरंगा मासा आणला, आणि जावई उंबऱ्यावरूनच म्हणाला, माझी आज एकादशी. त्या बाईवर आभाळ कोसळलंय. घरात साबुदाणा नाही, आणि रश्श्याचा वास तर सगळ्या वाडीभर सुटलाय. ती जितकी खरी घाबरेल तितके समोरचे लोक हसतील. तिनं स्वतः ओठ मुडपून हसू दाबलं, की खेळ खलास.

हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. जत्रेतलं दशावतारी नाटक पाहत आपण वाढलो. मूळ आख्यानाआधीच्या पूर्वरंगातला संकासुर आठवा. वेद चोरणारा राक्षस तो, पण मालवणीत असा काही सुटतो की पोरं घाबरायची सोडून खिदळत बसतात. चांगला संकासुर करणारा गडी हसतो का स्वतः? नाही. तो आपलं म्हणणं पटवायला निघालेला असतो. आणि दुसरी गोष्ट अशी, की दशावतारात संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, पार्ट वाटले जातात, तोंडाला रंग लागतो आणि संवाद उभ्या उभ्या रंगमंचावरच जुळतात. समोरचा काय बोलला ते कान देऊन ऐकलं नाही, तर याला उत्तर सुचणार कुठून? म्हणून तिथला बरा नट आधी बरा ऐकणारा असतो. आपल्या हातात छापील पानं आली, आणि ऐकायची सवय मोडली.

'वस्त्रहरण'चं उदाहरण तर घरचंच. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक 1980 साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं, आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. गोष्ट काय, तर गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात. म्हणजे आपण उद्या जे करणार तेच! त्यातल्या तात्या सरपंचाला नाटक पार पाडायचंय, एवढी एकच चिंता. ती खोटी असती तर पहिल्या अंकातच लोक उठून घरी गेले असते.

आता उद्याचं सांगतो. आल्यावर दोन पानं मिळतील. प्रसंग तलाठी आणि सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला आलेली म्हातारी, यांचा. पाठ करायचं नाही, वाचायचंच आहे. वाचताना मान पानात खुपसून बसू नका. वाक्याचा शेवट समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, मग खाली बघा. वेळ गेला तर जाऊ दे, आम्हाला घाई नाही.

आम्ही बघणार काय? खरं सांगू, तुम्ही बोलत असताना जेवढं बघू, त्याहून जास्त तुम्ही गप्प असताना बघू. म्हातारी आपल्या चुलत दिराची कुळकथा सांगत असते तेव्हा तलाठ्याचं काय चाललंय? पुढचं वाक्य हुडकतोय की तिचं ऐकतोय? मागे एका निवडीला एक गृहस्थ आले होते, बोलताना जरा अडखळायचे. समोरची बाई बोलत होती, तेव्हा यांनी पेनाचं टोपण काढलं, लिहायला हात टेकवला, ती थांबेना म्हणून टोपण परत लावलं. तिनं श्वास घेतला, यांनी टोपण काढलं. ती पुन्हा सुरू. टोपण पुन्हा बंद. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. त्या वेळचा तलाठी आम्हाला तिथंच मिळाला.

एकदा वाचून झालं की आम्ही म्हणू, आता हेच चिडून नको, घाबरून करा. याचा अर्थ पहिलं वाईट झालं असा नाही. सांगितलेलं बदलता येतं का, एवढंच तपासायचं असतं, कारण पुढे दोन महिने तालमीत आपल्याला हेच करायचंय. इथं वाद घालणारा माणूस कितीही गुणी असला तरी मला नको.

टायमिंगबद्दल विचाराल. देवापुढे सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारा माणूस बघा. 'बारा गावच्या बारा वयवाटीच्या देवा म्हाराजा' म्हणून तो थांबतो, जमलेल्यांचं 'व्हय म्हाराजा' येऊन उतरणीला लागतं, आणि ते पुरतं विरायच्या आत त्याचं पुढचं सुरू होतं. हशाचंही तसंच. हशा वर असताना बोललात तर वाक्य वाया, आणि पार शांत होईपर्यंत थांबलात तर प्रयोग थंड पडतो. वाचनाच्या वेळी आम्ही हसलो तर थांबा. नाही हसलो तर मात्र आमच्या तोंडाकडे बघत उभे राहू नका, पुढे चला.

भाषा घरात बोलता ती बोला. रत्नागिरीकडून इथं नोकरीला आलेल्यांनी ओढूनताणून 'खंय', 'मेल्या' करायची गरज नाही. नाटकात त्यांच्या बोलीचा पोस्टमन आहे.

बायकांसाठी एक वेगळं बोलतो. आपल्याकडे हौशी मंडळींत विनोदी पार्ट पुरुषांना आणि सोसणाऱ्या सुनेचा पार्ट बाईला, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. दशावतारात परंपरेनं स्त्रीपार्टही पुरुषच करतात, ती त्या कलेची रीत आहे आणि त्यातले काही नट असे देखणे उभे राहतात की बघत बसावं. पण आपल्या या नाटकात म्हातारी बाईच करणार, आणि सगळ्यांत जास्त हशे तिलाच आहेत. तेव्हा 'माका नाय जमाचा' म्हणून मागच्या खुर्चीत बसू नका. दिसायला बरी दिसणार नाही म्हणून कचरत असाल, तर तो पार्ट तुमचा नव्हे.

तालमी रोज रात्री साडेआठनंतर. गणपतीत पाहुणे येतात, आरत्या-भजनं असतात, तेवढे दिवस सुट्टी. भातकापणीला ज्यांना शेतावर जावं लागतं त्यांनी आधीच सांगा, आपण त्यांचे प्रवेश पुढेमागे करू. पण पार्ट घेऊन मग गायब होणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. शेवटची एसटी चुकणाऱ्यांना घरी सोडायला दोन मोटारसायकलवाले तयार आहेत.

ज्यांची निवड होणार नाही त्यांच्यासाठी प्रकाश, संगीत, रंगभूषा आणि विंगेतलं सामान ही खाती रिकामी आहेत. प्रॉम्प्टरही हवाय, कान शाबूत असलेला. उद्या साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये या, पानं तिथंच मिळतील, आणि चष्मा लागत असेल तर तो विसरू नका.