आधी सीसी बघा, मग रंग

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. दिवसभर बेचाळीस अंशांत भाजून निघाल्यावर संध्याकाळी विम्यावरचं भाषण ऐकायला एवढी माणसं आली, याचा मला मनापासून आनंद झालाय. पत्रिकेत विषय छापलाय, 'मजेची जुनी गाडी, कमी विमा'. पुढच्या दोन रांगांतली तरुण मंडळी त्यातले पहिले तीनच शब्द वाचून आलीत, ते चेहऱ्यावरून कळतंय. गाडीवर येतेच मी. आधी एक काम करा. ज्यांच्या दारात दहा वर्षांहून जुनी चारचाकी आहे, त्यांनी हात वर करा. छान, निम्मं सभागृह. आता आरसी न बघता इंजिन नेमकं किती सीसीचं आहे हे सांगता येत असेल, तरच हात वर ठेवा. सात राहिले. आता शेवटचं. पॉलिसीवर आयडीव्हीपुढे, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीपुढे, किती आकडा लिहिलाय, हे ज्यांना माहीत आहे त्यांचेच हात वर राहू देत. एकच. मागचे ते काका. तुम्ही काय करता, काका? विमा एजंट? मग तुमचा हात मी मोजत नाही.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवलं. या सभागृहातल्या कितीतरी जणांना मी घसारा, म्हणजे वापरानं आणि वयानं उतरणारी किंमत, शिकवलाय. तोच घसारा माझ्या दारात येऊन माझी गाडी घेऊन चालला होता, ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

माझी गाडी म्हणजे झेन, 2001 ची. इंजिन 993 सीसी, पूर्ण ॲल्युमिनियमचं, सोळा व्हॉल्व्हचं. ताकद साठ हॉर्सपॉवर. आजच्या मुलांना साठ म्हणजे काहीच वाटत नाही. पण गाडीचं वजन आठशे किलोच्या आत आहे, आणि मजा त्या वजनात आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळतो. तुळजापूरच्या अलीकडचा घाट माहीत आहे ना सगळ्यांना? तिथं तिसऱ्या गिअरला गाडी अशी खेचते, की वळणाआधी नुसता पाय उचलायचा, ब्रेकला हात लावायची गरज नाही... ब्रेकला पाय म्हणायचंय मला. वेग पन्नासच असतो, पण गाडी आपण चालवतोय हे अंगाला समजतं. मोठ्या इंजिनाच्या जड गाडीत ही मजा यायला शंभरच्या पुढे जावं लागतं, आणि आपल्या रस्त्यांवर शंभरच्या पुढे कशाला जायचं?

तर 2019 च्या जानेवारीत, गड्डा यात्रा नुकतीच उरकली होती, मी तुळजापूरहून एकटी परत येत होते. दिवेलागणीची वेळ. कारखान्यांचा हंगाम जोरात. पुढे उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरची पट्टी नाही, साधा फडकासुद्धा बांधलेला नाही. समोरून बसचा उजेड डोळ्यांवर आला, तो सरला तेव्हा ऊस पंधरा हातांवर होता. मी ब्रेक मारला, गाडी बरीच थांबली, पण पूर्ण नाही. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता, तो तसाच पुढे निघून गेला. मला काही झालं नाही. उतरून बघितलं तर बॉनेट मधोमध घडी पडल्यासारखं दुमडलेलं, रेडिएटरमधून हिरवं पाणी रस्त्यावर वाहतंय, आणि उजव्या हेडलाइटच्या खोबणीत दिव्याच्या जागी उसाचं वाढं घट्ट रुतून बसलेलं. ते उपटताना पात्यानं बोट कापलं, तेवढीच मला झालेली इजा.

आमचे मिस्त्री पूर्व भागातले. मला अक्का म्हणतात. त्यांनी गाडीखाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "अक्का, चासी सरळ आहे. इंजिनाला धक्का नाही. तोंड तेवढं बदलायचं." खर्चाचा अंदाज 46,000. मी निर्धास्त होते, कारण पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी नव्हती, पूर्ण होती, सतरा वर्षं एकही दिवस खंड नाही, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पन्नास टक्क्यांवर पोचलेला.

नुकसान मोजायला सर्व्हेअर आले. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतली, फोटो काढले. सज्जन माणूस, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. दहा वर्षांवरच्या गाडीत पत्र्याच्या भागांना पन्नास टक्के घसारा, प्लास्टिक-रबराला पन्नास टक्के, काचेला शून्य, मजुरीला नाही. मी स्वतः हिशेब घालून बघितला, बरोबर होता. त्यांनी धरलेली रक्कम आली 31,500. म्हटलं ठीक आहे, वरचे साडेचौदा हजार आणि ठरलेली हजाराची कपात आपण घालू.

चार दिवसांनी कंपनीचा फोन. मॅडम, तुमची गाडी टोटल लॉस आहे.

मी म्हटलं, गाडी तर उद्या उभी राहतेय. तर म्हणाले, नियम आहे. दुरुस्ती आयडीव्हीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की गाडी टोटल लॉस धरायची. तुमची आयडीव्ही 40,000. पंचाहत्तर टक्के म्हणजे 30,000. तुमची दुरुस्ती 31,500.

दीड हजार रुपयांनी माझी गाडी मेली! त्यांनी दोन वाटा दिल्या. 39,000 घ्या, गाडी आणि कागद आमच्या हवाली करा. नाहीतर गाडी ठेवून घ्या, पण मोडीत तिला 23,000 ची बोली आलीय, ती वजा करून 16,000 मिळतील. मी सोळा घेतले आणि गाडी ठेवली. पदरचे गेले तीस हजार.

आता खरं दुखणं ऐका, कारण ते तुमच्याही पॉलिसीत आहे. हे 40,000 कुणी ठरवले? आयडीव्हीचा तक्ता असतो. नवी गाडी सहा महिन्यांत पाच टक्के उतरते, वर्षाला पंधरा, दोन वर्षांनी वीस, मग तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास. त्यापुढे तक्ता संपतो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनीनं आणि मालकानं एकमेकांच्या संमतीनं ठरवायची, असं लिहिलंय. संमतीनं! मला कुणी विचारलं होतं? दरवर्षी फोन यायचा, मी ओटीपी सांगायचे, आणि आकडा दोन-तीन हजारांनी खाली सरकलेला असायचा. हप्ता थोडा कमी झाला म्हणून मीही खूश. त्या वेळी माझ्यासारखी राखलेली झेन पंचाहत्तर-ऐंशी हजारांच्या आत कुणी विकत नव्हतं.

आयडीव्ही 80,000 असती तर जास्तीचा हप्ता किती पडला असता? जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकात, आपल्या बाजूला, हजार सीसीच्या आतल्या आणि दहा वर्षांवरच्या कारला दर होता 3.267 टक्के. 2007 पासून कंपन्यांना दराची मोकळीक आहे, त्या यात आणखी सूट देतात, पण हाच दर धरू. 40,000 वर 1,307. 80,000 वर 2,614. पन्नास टक्के बोनस वजा केला की 653 आणि 1,307. म्हणजे वर्षाला साडेसहाशे रुपये, वर जीएसटी. तेवढे जास्त भरले असते तर मर्यादा साठ हजारांवर गेली असती, गाडी दुरुस्तीतच बसली असती, माझे साडेचौदा हजार वाचले असते. आणि ज्याला पदरचे तीस हजार घालणं जमलं नसतं, त्याची धडधाकट गाडी त्या संध्याकाळी मोडीत गेली असती. अशा किती गेल्या असतील या जिल्ह्यात! हे आठवलं की मला आजही शांत बसवत नाही, म्हणून मी जिथं बोलावतील तिथं हेच सांगते. नूतनीकरणाच्या आधी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, तशाच दोन गाड्यांच्या चालू किमती लिहून घ्या, आणि आकडा तुम्ही सांगा. कंपन्या एका मर्यादेत तो वाढवून देतात. मागितल्याशिवाय देत नाहीत.

चिटणीस साहेबांची चिठ्ठी आलीय. बारा मिनिटं. सात वाजता हॉल तबल्याच्या वर्गाला द्यायचाय. बरं, मग कुठली गाडी घ्यायची ते भराभर सांगते.

थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. तो गाडीचं वय बघत नाही, किंमत बघत नाही, तुम्ही किती सांभाळून चालवता तेही नाही. फक्त सीसी बघतो. 1 जून 2022 पासून लागू झालेले खासगी कारचे दर लिहून घ्या. 1000 सीसीपर्यंत 2,094. 1000 च्या वर 1500 पर्यंत 3,416. 1500 च्या वर 7,897. त्यावर अठरा टक्के जीएसटी. शेवटची उडी बघितलीत? दुपटीच्याही वर. जुनी गाडी लाखभराची असते, तिथं ही उडी दरवर्षी टोचते.

म्हणून मी म्हणते, आधी आरसीवरचा सीसीचा आकडा वाचा. झेन 993, पहिल्या पायरीत. मारुती 800 म्हणजे 796 सीसी, डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014. तिच्यात पाच गिअरवाली निघाली होती, ती मिळाली तर सोडू नका, हलकीफुलकी आणि पळायला चपळ. जिप्सी 1985 ला आली ती 970 सीसीची, म्हणजे तीही पहिल्या पायरीत. जिप्सी किंग मात्र 1298, दुसरी पायरी. बाहेरून दोघी बहिणी, पण हप्ता वेगळा. सँट्रोचं तसंच, सुरुवातीची 999, नंतरची 1086. शंभर सीसीसुद्धा नाहीत, पण दरवर्षी 1,322 रुपयांचा फरक. अँबेसेडर पेट्रोल 1489 दुसऱ्या पायरीत, इसुझू इंजिनाची 1817 तिसऱ्या.

खरी जोमदार गाडी हवी असेल तर पहिल्या पिढीतली होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. 106 हॉर्सपॉवर, आणि इंजिन 1493 सीसीचं. सात सीसींनी ती 3,416 मध्ये राहते. त्याच काळातली फोर्ड आयकॉन 1.6 आहे 1597, पालिओ 1.6 आहे 1596. पालिओची जाहिरात सचिन करायचा, 1.6 ला त्याच्या नावाची एस-10 आवृत्तीही निघाली होती, त्यामुळे कितीतरी मुलं तिच्यावर जीव टाकतात. मला ते समजतं. चालवायला सुंदर गाडी आहे, स्टिअरिंग तर काय सांगू. पण सगळं धरून वर्षाला 9,318 नुसत्या थर्ड पार्टीला द्यायचे, झेनला 2,471. वर फोर्ड आणि फियाट दोघांनी इथलं कारचं दुकान आवरलंय, एका बंपरसाठी महिनाभर फोन फिरवावे लागतात. झेनची क्लच केबल इथं कुठल्याही गल्लीत मिळते. विम्याच्या दृष्टीनंही ते महत्त्वाचं, कारण पार्टच मिळाला नाही तर क्लेम मंजूर होऊनही गाडी उभीच.

आठ मिनिटं राहिली. पुण्याची एमएच-12 गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. टॅरिफमध्ये पुणे, मुंबई आणि आणखी सहा शहरं अ गटात, बाकी देश ब गटात, म्हणजे आपण ब मध्ये. गट नोंदणीच्या गावावरून ठरतो. पण छोट्या जुन्या गाडीला लाखावर पंचाण्णव रुपयांचा फरक आहे, तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नका.

गॅस किट बसवलेली गाडी घेत असाल तर किट आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे चढलंय का बघा. टॅरिफनं किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीत साठ रुपये, एवढंच लागतं. ते वाचवून लोक क्लेमच्या वेळी हजारो घालवतात. आणि आपल्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. कडक भाकरीसारखे वाजले तर सगळे बदलायचे, मगच ती घाटात न्यायची.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून त्याचं शुल्क 10,000 झालंय. तेव्हा आरसीची मुदत केव्हा संपतेय ते बघूनच भाव करा.

आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या मालकाचा पन्नास टक्के बोनस तुम्हाला मिळत नाही, तुमचा स्वतःचा मात्र तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीवर नेता येतो. गाडी तुमच्या नावावर झाली की चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं सोळाव्या दिवशी गाडी झाडावर घातली.

तबल्याची मुलं दारात आलीत. ज्यांनी पॉलिसी बरोबर आणली असेल त्यांनी व्हरांड्यात थांबा, प्रत्येकाचा आयडीव्हीचा रकाना बघून देते. पहारेकरी साडेआठला फाटक लावतो, तोवर मी आहे. काका, तुम्हीही थांबा, दोघं मिळून लवकर उरकू.