मनगटावरचा ईसीजी: घड्याळ नीट कसं लावाल?

श्रोतेहो, नमस्कार. छातीत धडधड सुरू होते ती दवाखान्याची वेळ बघून होत नाही. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत ठोके पुन्हा ताळ्यावर आलेले असतात आणि ईसीजी अगदी स्वच्छ येतो. अशा वेळी ईसीजीची सोय असलेलं स्मार्टवॉच कामाला येतं. आज ॲपल वॉचचं उदाहरण घेऊ. त्यातल्या स्वस्त एसई मॉडेलमध्ये ईसीजी नाही, हे घेण्याआधीच बघा.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहावरून अधूनमधून ठोके तपासतो, तेही तुम्ही स्वस्थ असाल तेव्हा. अनेक नोंदी सलग बेताल आल्या तरच सूचना येते. त्यामुळे सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. ईसीजी मात्र तुम्ही स्वतः घ्यायचा असतो.

या दोन्ही सोयी आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये, हार्ट या विभागात, वेगवेगळ्या सुरू कराव्या लागतात. वय २२ किंवा अधिक हवं. जन्मतारीख घड्याळ वापरणाऱ्याचीच भरा. पुष्कळ घरांत इथेच घोळ होतो: वडिलांचं घड्याळ मुलाच्या फोनला फॅमिली सेटअपने जोडलं, तर त्यावर ईसीजी चालतच नाही. वडिलांकडे स्वतःचा आयफोन हवा.

एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचं, निदान आधीच झालं असेल तर अनियमित ठोक्यांच्या सूचनेऐवजी एफिब हिस्टरी (एफिब म्हणजे हाच एट्रियल फिब्रिलेशन; ठोके किती वेळ असे बेताल होते याचा अंदाज देणारी सोय) सुरू करा. तिचा आठवड्याचा अंदाज मिळायला आठवड्यातले पाच दिवस, रोज बारा तास घड्याळ हातात हवं. बॅटरी वाचवणाऱ्या लो पॉवर मोडमध्ये या आपोआप होणाऱ्या नोंदी बंद पडतात. चार्जिंग अंघोळीच्या वेळी उरकून घ्या.

आता प्रत्यक्ष ईसीजी. पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट पण न रुतणारा. मनगट आणि बोट कोरडं. तेल, क्रीम पुसून टाका. दोन्ही हात टेबलावर सैल टेका. दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या गोल बटणावर नुसतं ठेवा, दाबू नका. तीस सेकंद बोलू नका, हलू नका. हात अधांतरी धरला की स्नायूंची थरथर आलेखात मिसळते आणि निकाल ‘अनिर्णित’ येतो. घड्याळ उजव्या हातात असून सेटिंगमध्ये डावा हात असेल तर लहरी उलट्या उमटतात, कारण हा आलेख दोन हातांमधल्या विद्युतफरकाचा असतो.

दिवसातून दहादा ईसीजी काढण्यात अर्थ नाही, जिवाला घोर तेवढा लागतो. धडधड, चक्कर, दम जाणवेल त्या क्षणी काढा आणि निकालाखाली ते लक्षण नोंदवा. तपासणीला जाताना फोनचा पडदा पुढे करण्यापेक्षा ॲपमधून पीडीएफ काढून न्या. डॉक्टर लहरी स्वतः मोजतात, घड्याळाच्या शेऱ्यावर थांबत नाहीत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घड्याळाच्या भरवशावर सुरू किंवा बंद करू नका.

पेसमेकर असेल तर घड्याळ आणि त्याचा चुंबकीय चार्जर छातीपासून १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त, आणि चार्जिंग सुरू असताना ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त लांब ठेवा. आणि छातीत कळ, घाम, डाव्या हातात दुखणं अशी लक्षणं असतील तर ईसीजी काढत बसू नका. हृदयविकाराचा झटका या घड्याळाला ओळखता येत नाही. लगेच १०८ ला फोन लावा.