नावं असलेले कागद

(दृश्य: पंचवटी, सकाळ. रामकुंडाकडून वर येणारा बोळ, जुन्या वाड्याची ओटी.)

"गाव कोणतं? आडनाव काय? आजोबांचं नाव सांगा."

पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या ओटीवर बसलं की आधी हे प्रश्न येतात. मग फळीवरून फडक्यात बांधलेली लांबट वही खाली उतरते. पानं पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या, मागची अक्षरं मोडीतली. गुरुजींचं बोट ओळीवरून सरकत जातं आणि एका जागी थांबतं. आपला पणजोबा तिथे सापडतो. गाव, बरोबर आलेली माणसं, कशासाठी आला होता ते, सगळं तिथे असतं. आपण ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्या नावावर आपण हळूच हात ठेवतो.

नाव लिहून ठेवणं ही या घाटाची जुनी रीत आहे. म्हणूनच एका परक्या माणसाच्या कागदांची गोष्ट इथून सुरू करतो आहोत. कारण त्या कागदांतही प्रश्न नावांचाच आहे.

(दृश्य: नाशिकरोड, पासपोर्टची पुस्तिका जवळून.)

रॉजर केसमेंट. आयरिश माणूस, जन्म १८६४ सालचा, डब्लिनजवळचा. विशीत आफ्रिकेत गेला आणि पुढे ब्रिटिश सरकारचा वाणिज्यदूत झाला. वाणिज्यदूत म्हणजे तहावर सही करणारा बडा मुत्सद्दी नव्हे. जहाजांचे कागद, खलाशांची भांडणं, परमुलखात अडकलेल्या माणसांच्या तक्रारी, हे त्याचं रोजचं काम. आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात. ती पुस्तिका परदेशात हरवली, की माणूस ज्या दारावर जातो, ते दार वाणिज्यदूताचं.

१९०३ साली या वाणिज्यदूताला सरकारने काँगो नदीवर वरच्या अंगाला पाठवलं.

काँगो तेव्हा बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होती. सायकली आणि मोटारींच्या टायरांसाठी युरोपला रबर हवं होतं आणि ते काँगोच्या जंगलात वेलींना मिळत होतं. गावागावाला किती रबर आणायचं ते ठरवून दिलेलं. कमी भरलं तर शिपाई येत. शिपायाला दिलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे, आणि गोळी वाया गेली नाही याचा पुरावा म्हणून कापलेला हात दाखवला जाई. मेलेल्या माणसाचा हात, आणि कधी कधी जिवंत माणसाचाही.

केसमेंट जून ते सप्टेंबर फिरला. मिशनऱ्यांची छोटी आगबोट त्याने भाड्याने घेतली होती, म्हणजे सरकारी बोटीवर बसून सरकार दाखवेल तेवढंच पाहण्याची वेळ येऊ नये. हा मुलूख त्याने तरुणपणी, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पाहिलेला होता. बोलोबो या वस्तीत पूर्वी चाळीस हजार माणसं राहत, आता सात-आठ हजार उरली असावीत, असं त्याने लिहिलं. प्रत्येक ठिकाणी तो बसला, दुभाष्यामार्फत विचारलं, आणि लिहून घेतलं. गाव कोणतं? नाव काय? कोणी केलं?

बोसुंगुमा गावात एक मुलगा त्याच्यासमोर आणला गेला. एपोंडो. त्याचा हात तोडलेला होता. गावकऱ्यांनी शिपायाचंही नाव सांगितलं. केसमेंटने दोघांना समोरासमोर उभं करून जबान्या घेतल्या आणि जे ऐकलं ते कागदावर उतरवलं.

डिसेंबरात अहवाल लंडनला पोहोचला. फेब्रुवारी १९०४ मध्ये तो पार्लमेंटसाठी छापला गेला, पण परराष्ट्र खात्याने त्यातली माणसांची आणि गावांची नावं काढली. नावांच्या जागी रोमन अक्षरं आली. साक्ष देणाऱ्यांवर सूड उगवला जाईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती, हे मान्य करायलाच हवं. पण परिणाम काय झाला? अमुक गावात तमुक माणूस, एवढंच उरलं. केसमेंटला याचा विलक्षण संताप आला. त्याचं बरोबर होतं, असं आम्हाला वाटतं. नाव गेलं की माणूस गोष्टीतला होतो, आणि गोष्ट खोटी पाडणं सोपं असतं. तसंच झालं. एपोंडोचा हात रानडुकराने चावल्यामुळे गेला, असा जबाब काँगो सरकारने पुढे आणला. शेवटी लिओपोल्डलाच चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९०५ मध्ये त्या आयोगाने केसमेंटचं बहुतेक म्हणणं उचलून धरलं. १९०८ साली काँगो राजाच्या हातून काढून बेल्जियमच्या सरकारकडे गेला.

(दृश्य: तराजूचं पारडं, जवळून.)

१९१० मध्ये तो दक्षिण अमेरिकेत पुतुमायो नदीवर गेला. पुन्हा रबरच. इथे कंपनी लंडनमध्ये नोंदलेली, राबणारे मात्र जंगलातले आदिवासी. त्याने एका लहान मुलाला तोलून पाहिलं, मग त्याच्या पाठीवरचं रबराचं ओझं तोललं. ओझं मुलापेक्षा जड भरलं. या कामाबद्दल १९११ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला.

मग आयर्लंडचं स्वातंत्र्य हाच त्याचा ध्यास झाला. महायुद्धात तो जर्मनीची मदत मागायला गेला. २१ एप्रिल १९१६, गुड फ्रायडेच्या दिवशी, जर्मन पाणबुडीतून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. १३५१ सालच्या कायद्याखाली राजद्रोहाचा खटला चालला.

त्याच्या खासगी डायऱ्या तोवर पोलिसांच्या हाती लागल्या होत्या. त्यांत पुरुषांशी आलेल्या शरीरसंबंधांच्या नोंदी होत्या. त्या काळी ब्रिटनमध्ये तो गुन्हा होता. फाशी माफ व्हावी म्हणून मोठमोठी माणसं अर्ज करत होती, तेव्हा या पानांच्या नकला पत्रकारांना आणि वजनदार लोकांना गुपचूप दाखवल्या गेल्या. आम्हाला इथेच थांबावंसं वाटतं. एपोंडोचं नाव छापताना ज्या सरकारने एवढी काळजी घेतली, त्याच सरकारने आपल्याच माजी अधिकाऱ्याची सर्वांत खासगी पानं हातोहात फिरवली. किताब काढून घेतला गेला. ३ ऑगस्ट १९१६ रोजी त्याला फासावर चढवलं.

डायऱ्या मात्र कुलूपबंद झाल्या. १९५९ मध्ये मोजक्या अभ्यासकांना त्या पाहू दिल्या, सर्वांसाठी खुल्या व्हायला १९९४ साल उजाडलं. अक्षर त्याचं की बनावट, हा वाद कित्येक दशकं चालला. २००२ च्या हस्ताक्षर तपासणीने ते त्याचंच ठरवलं.

आज त्याचे कागद दोन घरांत वाटले गेलेत. डायऱ्या आणि सरकारी अहवाल लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याची पत्रं आणि पुतुमायोची सविस्तर रोजनिशी. त्यातले बरेच कागद त्याची मावसबहीण गर्ट्रूड हिने जपून ग्रंथालयाला दिले. त्याची बाजू घेतली म्हणून तिची शिक्षिकेची नोकरी गेली होती. १९१० चे तेच दिवस एका डायरीत दोन-चार ओळींत, समुद्रापलीकडच्या रोजनिशीत पानंच्या पानं भरून. एका माणसाचा एक दिवस वाचायला दोन देश फिरावे लागतात.

(दृश्य: ओटीवरची वही पुन्हा फडक्यात बांधली जाते.)

काँगोच्या अहवालाची मूळ प्रत क्यूमध्येच आहे. नावांच्या जागी अक्षरं घालण्यापूर्वीची. शंभर वर्षांनी, २००३ साली, तो अहवाल नावांसकट छापला गेला. बोलणाऱ्या प्रत्येकाचं नाव पुन्हा त्याच्या बोलण्यापाशी आलं.

गाव बोसुंगुमा. नाव एपोंडो.