मुलं मोजायची कुठे?

मंडळी, वाढत्या गावातल्या शाळेचा विषय निघाला की बोलणं लगेच इमारतीवर येतं. किती मजले, किती खोल्या, ठेकेदार कोण. त्याच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: मुलं किती येणार, आणि जागा कुणाच्या नावावर आहे.

पुण्याचंच बघा. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, सूस, म्हाळुंगे. गावठाणाच्या मापानं जिल्हा परिषदेनं बांधलेली शाळा तिथेच आहे, आणि भोवती टॉवर उठलेत.

मुलं किती, याचं उत्तर सोपं वाटतं. सहा वर्षांनी पहिलीत बसणारं मूल आज जन्मतंय, तेव्हा जन्मनोंदी काढा. पण नोंद होते ती जन्म झाला तिथे, आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. वाघोलीत संसार थाटलेल्या मुलीचं बाळ लातूरच्या नाहीतर जळगावच्या दप्तरात असतं. म्हणून आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविकेला विचारा. नवव्या महिन्यानंतरची गोवर-रुबेलाची लस बहुतेक बाळं राहत्या ठिकाणीच घेतात. पाचव्या वर्षीचा डीपीटीचा बूस्टर घेणारं मूल तर येत्या जूनमध्ये शाळेच्या दारात उभं राहणार. त्याला जोड भोगवटा प्रमाणपत्रांची, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याच्या दाखल्यांची: यंदा कुठे किती सदनिका ताब्यात दिल्या गेल्या, हे बांधकाम विभागाला ठाऊक असतं, फक्त शिक्षण विभाग ते विचारत नाही. आणि हे टॉवर बांधणाऱ्या मजुरांची पोरं? ती या कुठल्याच कागदावर धड सापडत नाहीत. साइटवर जाऊनच मोजावी लागतात.

‘खाजगी शाळा येतीलच की,’ असं कुणीतरी म्हणतंच. येतात. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांचा कायदा २०१२ चा आहे, त्यांना वाट मोकळी आहे. पण त्या फी परवडणारा पालक पाहून जागा निवडतात.

आता जागा. विकास आराखड्यात ‘प्राथमिक शाळा’ असा चौकोन रंगवून जागेवर आरक्षण टाकलं म्हणजे शाळा झाली, असं मानू नका. महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा, त्याचं कलम १२७ वाचा. आराखडा लागू झाल्यावर १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द. मालकाचंही चूक नाही, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) द्या, पैसे द्या, पण भाव चढायच्या आत सातबाऱ्यावर महापालिकेचं नाव चढवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सोसायट्या भरतात, पालक मोर्चा काढतात, मग जागा शोधायला माणसं निघतात.

जागा कुठे, हेही आलंच. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पहिली ते पाचवीला १ किलोमीटर, सहावी ते आठवीला ३. नकाशावर कंपासनं वर्तुळ काढलं की बसतं सगळं. पण त्या वर्तुळातून नगर रस्त्यासारखा वाहता हमरस्ता जात असेल तर? पलीकडची शाळा पाचशे मीटरवर असली तरी सात वर्षांच्या पोराला ती लांबच.

इमारतीचं थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीत दीडशेच्या वर मुलं गेली की पाच शिक्षक आणि मुख्याध्यापक, शिवाय प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्ग. पहिल्या वर्षी एवढी मुलं नसतात, म्हणून तळमजला बांधून हात झटकले जातात. तसं करू नका. पाया आणि कॉलम तीन मजल्यांचे घाला, वर्ग लागतील तसे चढवा. पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सोडलेल्या सळ्यांना सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ लेप तरी फासा. पाच-सहा पावसाळे उघड्यावर खाल्लेली सळई गंजून सोलवटते, आणि मग इंजिनिअर वर मजला चढवायला सही देत नाही.

एकदम चार मजलेही नकोत. नव्या वस्तीत सगळी जोडपी एकाच वयाची, त्यामुळे पोरंही एकदम येतात आणि एकदमच मोठी होतात. पुण्याच्या पेठांत, गिरगाव-दादरला वर्ग ओस पडले, त्यात इंग्रजी माध्यमाचा वाटा मोठा आहेच, पण वस्तीही म्हातारी झाली. तेव्हा गर्दीची पाच-सात वर्षं सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत काढता येतील का, हे तिसऱ्या मजल्याचं टेंडर काढायच्या आधी तपासा.