घरातला धूर

श्रोतेहो, नमस्कार.

घरात बाळ आलं की आपण आधी खिडक्या लावून घेतो. वारं लागायला नको म्हणून फटीतसुद्धा चिंधी कोंबतो. मग बाजेखाली शेगडी येते. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीची सालं पडतात आणि बघता बघता खोली धुरानं भरते. बाळ खोकलं तर आजी म्हणते, "बरंय, कफ सुटतोय."

मी छातीच्या आजारांची डॉक्टर. आजीशी माझं भांडण नाही. बाळ-बाळंतिणीला ऊब हवी, हे तिचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण ऊब वेगळी आणि धूर वेगळा. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, आपण मोठी माणसं 12 ते 20. फुप्फुसं अजून घडत असतात तेव्हाच त्याला हा धूर आत घ्यावा लागतो. या धुरातले घातक कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. नाकात, घशात ते अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. घरात चुलीचा धूर असेल तर पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि धूर सरून नुसते लालभडक निखारे उरले, तरी बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच राहतो. त्याला ना रंग, ना वास.

मग शेकायचं कसं? बाळंतिणीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी द्या. बाळाला टोपडं, दुपटं आणि आईची कूस. शेगडी पेटवायचीच असेल तर ती अंगणात राहू द्या.

आता चुलीकडे वळू. माझ्याकडे साठीच्या बायका येतात, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. सोबतचा नवरा ठामपणे सांगतो, "मॅडम, हिला कसलंही व्यसन नाही." मी विचारते, चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला? तेव्हा कळतं, परकर-पोलक्यात असल्यापासून हातात फुंकणी. या आजाराचं नाव सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही तो होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगाव सिलिंडर पोचले. तरी चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असंच पुष्कळ घरांत चालतं. सरपण रानातून फुकट मिळतं, टाकीला रोख पैसे मोजावे लागतात. त्या बाईला दोष कसा देणार? हायवेवर 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी वाचून आपण गाडी थांबवतो, पण चुलीपुढं कोण बसलंय ते बघायला आत जात नाही.

शहरात चूल नाही, पण संध्याकाळी दारं लावून डासांची कॉइल पेटते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा, इतकंच सांगते.

शेवटचं, गॅस गिझरबद्दल, कारण थंडी आली की या बातम्या येतातच. लहानशी न्हाणी, वाफ धरून ठेवायला बंद केलेली झरोक्याची काच आणि आतच पेटणारा गिझर. प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि तोच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. दार दोन हातांवर असूनही माणसाला कडी काढता येत नाही. म्हणून गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर बादली भरून गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आंघोळीला बसा. आणि आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर वाट बघत बसू नका. दार फोडा, त्याला उघड्यावर आणा आणि लगेच 108 ला फोन करा.